थिएटरातले मराठी दिवस

12 सप्टेंबर 2025 ला ‘दशावतार’, ‘आरपार’ आणि ‘बिन लग्नाची गोष्ट’ हे तीन मराठी चित्रपट एकाच शुक्रवारी लागले. एकमेकांचेच प्रेक्षक ओढणारी ही घाई मला पटत नाही. तरी ‘दशावतार’ आपल्या जोरावर उभा राहिला, आणि त्यात मोठा वाटा दिलीप प्रभावळकरांचा. ऐंशी ओलांडलेला हा नट कोकणातला बाबुली मेस्त्री होतो: नजर अधू होत चाललेली, पण तोंडाला रंग लागला की अंगात बळ येणारा. पटकथा उत्तरार्धात थोडी पसरते, पण माणूस खिळवून ठेवतो. पुढच्याच आठवड्यात रोहन कानवडेंचा ‘साबर बोंडं’ आला. सनडान्स चित्रपट महोत्सवात जागतिक विभागाचं सर्वोच्च ज्युरी पारितोषिक मिळवलेला हा चित्रपट किती हळुवार आहे! वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी गेलेला आनंद, त्याच्या लग्नाच्या चौकशा करणारे नातेवाईक आणि बालपणीचा मित्र बाळ्या. आनंदला समजून घेणारी आई तर मनातून जातच नाही. कॅमेरा घाई करत नाही, आपणही करू नये. मग 31 ऑक्टोबर 2025 ला महेश मांजरेकरांचा ‘पुन्हा शिवाजीराजे भोसले’ आला. ट्रेलरमधला आवेश मला जरा जास्त वाटला, पण शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा विषय त्यांनी हाती घेतला, म्हणून मी जायचं ठरवलं. एक विनंती: मराठी चित्रपट पहिल्याच आठवड्यात पाहा, दुसऱ्या आठवड्यात खेळ उरतीलच असं नाही.