पसंतीक्रम कोणाचा?

बारावी आणि सीईटीचे निकाल हाती आले की अमरावती-अकोल्याच्या घराघरांत प्रवेशाची चिंता सुरू होते. १९६४ पासून उभे असलेले अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, नाही तर अकोल्याचे कृषी विद्यापीठ, अशी गणिते मांडली जातात. मात्र निवडीचे निकष किती पालक वाचतात?

अभियांत्रिकीला खुल्या प्रवर्गासाठी बारावीचे ४५ टक्के ही केवळ पात्रता आहे; गुणवत्ता यादी सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागते. पर्सेंटाइल म्हणजे टक्केवारी नव्हे. ९० पर्सेंटाइल याचा अर्थ शंभरातील नव्वद परीक्षार्थी आपल्या बरोबरीने वा मागे, एवढाच. म्हणून गतवर्षी प्रवेश कोठे थांबला, ते पाहूनच आशा धरावी. जातवैधता आणि नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्रे वेळेत नसतील, तर राखीव जागा निसटते.

खरी कसोटी पुढेच आहे. केंद्रीय प्रवेशप्रक्रियेत पहिल्या पसंतीची जागा मिळाली की तीच अंतिम. पुढील फेऱ्यांचे दार बंद होते. हा पसंतीक्रम शेजाऱ्याच्या मुलाकडे पाहून भरला, तर त्याची किंमत आपल्या पाल्याला चार वर्षे मोजावी लागते.

अकोल्याचे विद्यापीठ ज्यांच्या नावाने ओळखले जाते, त्या डॉ. पंजाबराव देशमुखांची डॉक्टरेट वैदिक वाङ्मयातील होती; देशाचे कृषिमंत्रिपद त्यांनी १९५२ ते १९६२ या काळात भूषविले. शाखा आयुष्याला कुंपण घालीत नाही. नियम पालकांनी वाचावेत, कागदपत्रे पालकांनी जमवावीत. पसंतीक्रम मात्र पाल्याचाच असावा.