क्षयाच्या वेषातला दुसरा रोग

खोकला, ताप, रोडावलेले शरीर आणि एक्स-रेवर डाग दिसला की आपल्याकडे निदान जवळजवळ ठरलेलेच असते : क्षय. ज्या देशात हा रोग इतका पसरलेला आहे, तेथे डॉक्टरांना याबद्दल दोष देणे अन्यायाचे ठरेल. परंतु मूत्रपिंडरोपण झालेला, दीर्घकाळ स्टिरॉइड घेणारा किंवा एचआयव्हीबाधित रुग्ण समोर असेल, तर या सवयीला लगाम घालावयास हवा. मातीत राहणारा 'नोकार्डिया' हा जंतू धुळीबरोबर अशा रुग्णांच्या फुप्फुसात शिरतो. फ्रेंच पशुवैद्य एदमाँ नोकार यांनी १८८८ साली गुरांच्या रोगात त्याचे वर्णन केले. क्षयजंतूंच्या रंगपरीक्षेत हाही कधीकधी लाल दिसतो आणि फसगत होते. मग क्षयाची औषधे महिनोन्महिने चालू राहतात. तोवर जंतूने मेंदू गाठलेला असू शकतो.

औषध दुर्मिळ नाही. को-ट्रायमॉक्साझोल हे जुने व स्वस्त औषध बहुधा लागू पडते, मात्र ते निदान सहा महिने घ्यावे लागते. अडते ते प्रयोगशाळेत. हा जंतू सावकाश वाढतो, आणि नेहमीचे कल्चर दोन दिवसांत 'वाढ नाही' असा शेरा मारून फेकले जाते! अशा रुग्णांचे कल्चर दोन-तीन आठवडे राखावे, आणि थुंकीत लाल जंतू दिसूनही जनुकीय चाचणी क्षय नाकारीत असेल तर नोकार्डियाचा शोध घ्यावा, एवढे परिपत्रक आरोग्यखात्याने जिल्हा रुग्णालयांना धाडावे. त्यासाठी नव्या यंत्रसामग्रीची गरज नाही.