बालसंगोपन : लंगोटाखालचा दाह

लहान मूल रडूं लागलें म्हणजे आपल्या घरांतून त्याचीं जीं कारणें शोधलीं जातात तीं बहुधा ठरलेलीं असतात. भूक लागली असेल, पोट दुखत असेल, दांत येत असतील, नाहींतर कोणाची दृष्ट लागली असेल. मीठमोहऱ्या ओंवाळून होतात, पोटावर हिंगाचा लेप होतो, आणि बाळ मात्र रडतच असतें. अशा वेळीं लंगोट सोडून पाहावा हें पुष्कळदां कोणाच्या मनांत येत नाहीं. आणि आलें तरी "थोडें लाल झालें आहे, होईल बरें" एवढ्यावर तें प्रकरण मिटतें. दुखणें लहान खरें. परंतु ज्याच्या अंगावर तें असतें त्याला तें लहान वाटत नाहीं. सोललेल्या कातडीवर लघवीचा थेंब पडला म्हणजे काय होतें, हें चिरलेल्या बोटाला लिंबाचा रस लागलेल्या गृहिणीस निराळें सांगावयास नको.

गेल्या पावसाळ्यांत आमच्या परिचयाच्या एका घरीं जाण्याचा प्रसंग आला. घर मोठें, आजी-आजोबा, दोघे भाऊ, दोघी जावा आणि आठ महिन्यांचें मूल. त्या मुलास कान दुखतो म्हणून दिलेल्या प्रतिजैविक औषधानें जुलाब होत होते, आणि दोन-तीन दिवसांतच बसावयाची जागा लालबुंद झाली होती. सासूबाईंचें म्हणणें, "हे विकतचे डायपर घरांत आले आणि हें दुखणें आलें. आमच्या वेळीं जुन्या धोतरांचे लंगोट होते; आमचीं मुलें काय वाढलीं नाहींत?" सूनबाई उलट बोलल्या नाहींत. परंतु दिवसां जे अर्धवट वाळलेले लंगोट बाळाला बांधले जातात त्यांनींच हें झालें, असें त्यांनीं आम्हांस एकीकडे नेऊन सांगितलें. "मूल माझें रडतें, आणि दोषहि माझ्याच माथीं," असें म्हणतांना त्यांचे डोळे भरून आले. त्याच दिवशीं धाकट्या दिरांनीं शेजारच्या घरून मलमाची एक ट्यूब आणली होती. तिची हकीकत पुढें येईलच.

या वादांत खरें कोणाचें? आमचें उत्तर असें कीं, दोघींचेंहि अर्धें. दाह कापसाच्या लंगोटानें होत नाहीं आणि कारखान्यांतल्या डायपरानेंहि होत नाहीं. तो होतो ओल अंगाशीं फार वेळ राहिल्यानें. भांडीं घासतां घासतां बोटांची कातडी पांढरी पडून सुरकुतते, तें आपण रोज पाहतों. बाळाच्या कोमल त्वचेचें लंगोटांत तेंच होतें. अशी भिजून मऊ झालेली कातडी कापडाच्या घर्षणानें लवकर सोलवटते. त्यांत मळाची भर पडली म्हणजे दुखणें पुरें होतें. मळांतील जंतु लघवीपासून अमोनिया तयार करतात, ही गोष्ट कुक नांवाच्या अमेरिकन डॉक्टरानें १९२१ सालीं दाखविली, आणि पुष्कळ वर्षें सारा दोष त्या अमोनियावरच ठेवला जात असे. पुढें १९८६ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें त्याचा खुलासा झाला. अमोनिया स्वतः कातडी जाळीत नाहीं. तो तेथील स्वाभाविक आम्लता घालवितो, आणि ती गेली म्हणजे मळांतील पाचक रस जोर करून त्वचेवर आपलें काम सुरू करतात. जुलाबांत हे रस मळाबरोबर अधिक उतरतात. म्हणून पोट बिघडलें कीं बाळ खालून सोलतें. आईच्या दुधावरील मुलांचा मळ कमी क्षारयुक्त असतो, म्हणून त्यांना हा त्रास त्या मानानें कमी होतो.

आपल्या पूर्वजांस हें दुखणें माहीत नव्हतें असें मात्र कोणीं समजूं नये. सुश्रुतसंहितेंत क्षुद्ररोगांमध्यें 'अहिपूतना' नांवाचा बालरोग सांगितला आहे. आणि मलमूत्रानें भरलेली जागा न धुणें व घाम न पुसणें हेंच त्याचें कारण दिलें आहे. पाचक रसांचें रहस्य त्या काळीं उघड झालेलें नव्हतें. पण उपायाचें मूळ त्या ग्रंथकारांनीं अचूक ओळखलें होतें.

आतां प्रत्यक्ष उपचार. पहिला व सर्वांत मोठा उपचार म्हणजे लंगोट वेळेवर बदलणें. बाळानें शी केली कीं तत्काळ. एरवीं तान्ह्या मुलाचा दर दोन तासांनीं, मोठ्याचा तीन-चार तासांनीं. आणि दाह असेतोंपर्यंत रात्रींहि एकदां. १९८० नंतरच्या दशकांत जे नवे डायपर प्रचारांत आले, त्यांच्या पोटांतील चूर्ण पाणी शोषून घट्ट धरून ठेवतें, त्यामुळें अंग अधिक कोरडें राहतें, हें सासूबाईंनीं मान्य करावयास हवें. परंतु "अजून भरला नाहीं" म्हणून तोच डायपर सकाळपासून दुपारपर्यंत ठेवणें हा त्या सोयीचा दुरुपयोग होय, हें सूनबाईंनीं मान्य करावें. कापडी लंगोटावरून प्लॅस्टिकची चड्डी तर मुळींच घालूं नये.

दुसरा उपचार धुण्याचा. कोमट पाणी व मऊ कापूस किंवा जुन्या मलमलीचा तुकडा एवढें पुरे. साबण लावावयाचा तर अगदीं सौम्य, आणि तोहि मळ चिकटला असेल तेव्हांच. मुलीस नेहमीं पुढून मागें पुसावें. नंतर कापडानें टिपावें, घासूं नये. डाळीचें पीठ, उटणें, हळद व जंतुनाशक द्रव यांस सोललेल्या जागेवर अजिबात वाव देऊं नये. सुगंधी व मद्यार्कयुक्त ओले रुमालहि वर्ज्य समजावे.

तिसरा उपचार फुकटचा, आणि आजीबाईंच्या काळापासूनचा आहे : बाळाला उघडें ठेवणें. धुवून टिपल्यावर दहा-पंधरा मिनिटें दुपट्यावर तसेंच खेळूं द्यावें, आणि असें दिवसांतून तीन-चार वेळां करावें. दुपटें भिजलें तर भिजूं द्यावें. तें धुतां येतें.

चौथा उपचार मलमाचा. पेट्रोलियम जेली किंवा झिंक ऑक्साइड, म्हणजे जस्ताचें भस्म, घातलेलें साधें मलम घ्यावें. बाजारांत त्याचें प्रमाण १० पासून ४० टक्क्यांपर्यंत असतें. दाह अधिक असेल तर दाट मलम बरें. पोळीला तूप फिरवावें तसें तें फिरवून भागत नाहीं. भिंतीला गिलावा देतात तसा जाड थर द्यावा. हें मलम कातडीत मुरावयाचें नसून, कातडी व घाण यांच्यामध्यें आड उभें राहावयाचें आहे. म्हणून प्रत्येक वेळीं तें घासून काढूं नये. वरचा मळलेला थर तेवढा टिपून काढावा आणि त्यावर नवा द्यावा. खोबरेल तेल निरोगी कातडीला चांगलें, पण जुलाब चालूं असतां त्याचा पातळ थर टिकत नाहीं.

येथें आम्हांस आमचीच एक चूक सांगितली पाहिजे. कित्येक वर्षांपूर्वीं आमच्या घरीं प्रत्येक लंगोटाबरोबर पावडरीचा डबा हालत असे, आणि त्यांतच आम्ही मोठी स्वच्छता मानीत होतों. त्या धुळीचे कण श्वासाबरोबर बाळाच्या छातींत जातात व तेथें अपाय करतात, हें आम्हांस फार उशिरां कळलें. बोरिक पावडर तर त्याहून वाईट. सोललेल्या कातडींतून ती रक्तांत भिनून बालकें दगावल्याचीं उदाहरणें वैद्यकांत नमूद आहेत. घरांत अजून तिची पुडी असेल तर ती आजच टाकून द्यावी.

लंगोट धुण्याविषयीं दोन शब्द. साबण निघून जाईपर्यंत दोन-तीनदां स्वच्छ पाण्यांतून ते काढावे, आणि कडक उन्हांत वाळवावे. पावसाळ्यांत ऊन नसतें. तेव्हां प्रत्येक लंगोट पुरता कोरडा होईतों त्यावर इस्त्री फिरवावी. हाताला दमट लागणारा लंगोट बाळाला बांधूं नये, मग रात्रीं दोन विकतचे डायपर खर्चीं पडले तरी चालतील.

आतां त्या ट्यूबची गोष्ट. तिनें दोन दिवसांत लालपणा जवळजवळ नाहींसा झाला आणि सर्वांस हायसें वाटलें. चौथ्या दिवशीं तो दुपटीनें परतला; या खेपेस जांघेच्या घडींतहि शिरला, आणि कडेनें लाल बारीक पुटकुळ्या उठल्या. डॉक्टरांनीं पाहतांच सांगितलें कीं ही बुरशी आहे. प्रतिजैविक औषधानंतर ती पुष्कळदां येते. साध्या दाहांत घड्या बहुधा वांचतात, बुरशींत त्याच प्रथम धरल्या जातात, ही खूण प्रत्येक आईनें ध्यानांत ठेवावी. आणि त्या ट्यूबमध्यें होतें स्टेरॉइड. तें दाह झांकतें, पण बुरशीस मोकळें रान देतें. लंगोटाच्या झांकणाखालीं तें अधिकच भिनतें. कातडी पातळ करतें, आणि फार दिवस वापरलें तर बाळाच्या साऱ्या शरीरावर परिणाम करतें. अशीं कित्येक मलमें डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून विकूं नयेत असा नियम सरकारनें २०१८ सालीं केला. परंतु शेजारच्या कपाटांतून येणाऱ्या ट्यूबला चिठ्ठी कोण विचारतो? दिरांचा हेतु चांगला होता. पण एकाचें औषध दुसऱ्याला, आणि तेंहि तान्ह्याला, देणें योग्य नव्हे. ती ट्यूब बंद झाली, बुरशीचें मलम मिळालें, वर जस्ताचा थर दिला गेला, आणि आठवड्यांत मूल खेळूं लागलें.

दोन-तीन दिवसांच्या नीट उपचारानेंहि उतार पडला नाहीं, पुटकुळ्या, फोड, पू किंवा रक्त दिसलें, पिवळ्या खपल्या धरल्या, ताप आला, किंवा मूल महिन्याच्या आंतलें असलें, तर घरगुती उपाय बाजूस ठेवून डॉक्टर गांठावा. तोंडाभोंवतीं व हातापायांवरहि तसेंच चट्टे उठले आणि जुलाब थांबत नसले तर तो निराळा विकार असूं शकतो. तेथें तर विलंब नकोच.

पुढें महिन्याभरानें आम्ही त्या घरीं पुन्हां गेलों. दुपारची वेळ होती. आजीबाईंनीं मांडीवर जुन्या धोतराची घडी पसरली होती, आणि तीवर नातू उघडाच, हातपाय नाचवीत पडला होता. सकाळचा लंगोट जाऊबाईंकडे, कारण तेव्हां आजीबाई पूजेंत असतात, संध्याकाळचा काकांकडे, रात्रीचा बाबांकडे, आणि दुपारचा हा तास आजीबाईंचा, अशी वाटणी झाली होती. सूनबाई आंतल्या खोलींत झोंपल्या होत्या. "तिला उठवूं नका," आजीबाई हळूच म्हणाल्या, "किती दिवसांनीं डोळा लागला आहे पोरीचा."

एकट्या आईला जें दिवसरात्र साधत नाहीं तें चार हातांच्या घरांत सहज साधतें. एकत्र कुटुंबाचें भूषण आपण पुष्कळ सांगतों. तें बाळाच्या लंगोटापर्यंत पोहोंचावें एवढीच आमची विनंती आहे. पुढील अंकीं आम्ही दांत येतांना होणाऱ्या त्रासाविषयीं, आणि दांतांवर उगाच ढकलल्या जाणाऱ्या दुखण्यांविषयीं लिहूं.