फुलपाड्याच्या चौकात थांबावयाचे कोणी?

विरार पूर्वेच्या फुलपाड्यातील चौकात ‘थांबा’ अशी लाल पाटी चारही बाजूंना लावावी काय, हा प्रश्न दैनिकाच्या पहिल्या पानावर मांडण्याच्या योग्यतेचा आहे काय, असे आमचे काही वाचक विचारतील. त्यांनी एकदा सकाळी सातच्या सुमारास तेथे जाऊन उभे राहावे, एवढीच आमची विनंती आहे. दप्तर पाठीवर घेतलेले मूल रस्त्याच्या कडेला थांबून थांबून अखेर एका क्षणी धावत सुटते, आणि त्या क्षणी दोन्ही बाजूंचे वाहनचालक आपापल्या पुण्याईवर विसंबून असतात. ही पुण्याई रोज पुरेल असे मानून चालणे आम्हांस धोक्याचे वाटते.

विरार स्थानकातून पापडखिंड धरणाच्या दिशेने जाणारा हा भाग. नावातच सांगितल्याप्रमाणे एके काळी तो पाडा होता. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि आसपासची गावे एकत्र करून वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत तिच्या हद्दीत १२ लाख २२ हजार माणसे मोजली गेली. वस्ती नगराची झाली. वाटा मात्र पुष्कळ अंशी पाड्याच्याच राहिल्या. बैलगाडी व सायकल ह्यांना पुरेसा असलेला कोपरा आज स्थानकाकडे धावणाऱ्या शेअर रिक्षा, शाळेच्या बसगाड्या, पाण्याचे टँकर आणि असंख्य दुचाक्या ह्यांना पुरवावा लागत आहे. नवरात्रात जीवदानीच्या यात्रेकरूंची भर पडते ती वेगळीच.

पाटी नसलेल्या चौकात प्रथम कोणी जावे, ह्याविषयी आपला कायदा मूक आहे असा अनेकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. मुख्य रस्त्यावर येणाऱ्याने त्या रस्त्यावरील वाहनास आधी जाऊ द्यावे आणि इतर चौकांत आपल्या उजव्या हाताकडून येणाऱ्यास वाट द्यावी, असा नियम १९८९ च्या वाहतूक विनियमांत स्पष्ट शब्दांत होता. २०१७ च्या नव्या विनियमांनीही उजवीकडच्या वाहनाचा तो मान कायम ठेवला आहे. परवाना खिशात बाळगणाऱ्या दहा सुशिक्षितांना हा नियम विचारून पाहावा. किती जणांना सांगता येईल, ह्याविषयी आम्ही फारसे आशावादी नाही. प्रत्यक्षात चालतो तो निराळाच नियम. ज्याचे पुढचे चाक आधी चौकात शिरले, त्याचा रस्ता.

तेव्हा पाटी हवी, ह्याविषयी आमचे दुमत नाही. आमचा मतभेद ‘चारही बाजूंना’ ह्या शब्दांशी आहे. थांबण्याची पाटी १९१५ साली अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात प्रथम उभी राहिली असे सांगतात. पुढे तिला आठ कोनांचा आकार देण्यात आला आणि आज आपल्याकडेही ती त्याच रूपात दिसते. पाट्यांचा एवढा प्रदीर्घ अनुभव असलेल्या त्या देशातील राष्ट्रीय नियमपुस्तिका निक्षून सांगते की, वेग कमी करण्याचे साधन म्हणून ही पाटी वापरू नये. कारण उघड आहे. मुख्य रस्त्याने जाणाऱ्यास समोर कोणीही नसताना रोज थांबावयास लावले, तर तो दोन दिवस थांबेल, तिसऱ्या दिवशी पाटीकडे पाहील आणि चौथ्या दिवसापासून पाहणारही नाही. मग त्या पाटीवर भरवसा ठेवून रस्त्यात पाऊल टाकणारी वृद्धा अधिक संकटात सापडेल. पाटी नसती, तर निदान तिने सावधपणे दोन्हीकडे पाहिले तरी असते!

मराठीत ‘थांबा’ म्हटले की प्रथम बसचा थांबा आठवतो, हेही थोडे बोलके आहे. वाहन हाकणाऱ्यास उद्देशून ही आज्ञा असू शकते, ह्याची सवय आपणांस लागलेलीच नाही. वस्तुतः २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये लाल दिवा ओलांडणे आणि थांब्याची पाटी न मानणे ही दोन्ही कृत्ये धोकादायक वाहन चालविण्याच्या व्याख्येत शेजारी शेजारी बसविली आहेत. पहिल्या अपराधास किमान एक हजार रुपये दंड वा सहा महिन्यांपासून कारावास, किंवा दोन्ही. कायदा असा कडक, आणि चौकातील व्यवहार मात्र असा मोकळा!

‘येथे पाट्या कोण मानतो? सरळ गतिरोधक घाला’, असे म्हणणाऱ्यांचा त्रागा आम्ही समजू शकतो. परंतु गतिरोधकालाही शास्त्र आहे. इंडियन रोड्स काँग्रेसने त्याचे माप १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असे दिले आहे. गल्लीच्या तोंडाशी डांबराचा ढिगारा ओतला म्हणजे गतिरोधक झाला असे नव्हे. अशा ढिगाऱ्यावर पावसाळ्याच्या रात्री दुचाकी घसरते आणि रुग्णवाहिकेतील रोग्याचे हाल होतात.

खरे दुखणे पाटीच्या आधीचे आहे. ते दृष्टीचे आहे. ताशी ३० किलोमीटर वेगाने येणाऱ्या चालकास संकट दिसल्यापासून वाहन थांबेपर्यंत सुमारे ३० मीटर रस्ता लागतो, वेग ४० असेल तर सुमारे ४५ मीटर, असे आपल्याच रस्ते-अभियंत्यांचे प्रमाण आहे. आता गल्लीतून बाहेर येणाऱ्यास मुख्य रस्ता किती मीटर दिसतो? कोपऱ्यावर उभी केलेली मोटार, तिच्यामागे टेम्पो आणि वर वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फलक, ह्यांच्या आडून डोके बाहेर काढावे तेव्हा चाक आधीच रस्त्यात आलेले असते. चौकात वा चौकाजवळ वाहन उभे करू नये, हाही नियमच आहे. तो मोडणारे कोणी परके नाहीत. ‘दोनच मिनिटे’ म्हणून दूध वा औषध आणावयास उतरणारे आपणच आहोत, हे पत्र लिहून पाट्यांची मागणी करणाऱ्या आमच्या वाचकांनी ध्यानात घ्यावे.

पाट्या उभारण्याचा अधिकार कायद्याच्या कलम ११६ अन्वये राज्य शासनास व त्याने नेमलेल्या प्राधिकरणास आहे. महानगरपालिका व २०२० साली स्थापन झालेल्या मिरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाची वाहतूक शाखा ह्यांनी एकत्र बसल्याशिवाय हे काम होणार नाही. एकत्र बसण्याआधी त्यांनी मोजावे, असे आमचे म्हणणे आहे. देशातील रस्त्यांचा विचार आकड्यांच्या आधारे व्हावा म्हणून १९२७ साली जी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते आणि तिच्याच शिफारशीतून १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली. जयकरांच्या महाराष्ट्रात एका चौकाचा निर्णय निवेदनावरील सह्या मोजून व्हावा, हे शोभणारे नाही.

एक सोमवार आणि एक रविवार, सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत, कोणत्या बाजूने किती वाहने आली आणि किती माणसे रस्ता ओलांडून गेली, एवढे टिपावयास चार माणसे पुरतात. पोलीस दप्तरी पोहोचलेले अपघात नोंदवहीत सापडतील. न पोहोचलेले कोपऱ्यावरच्या दुकानदारास व जवळच्या डॉक्टरांस विचारावे लागतील. हे आकडे नागरिकांपुढे ठेवावेत.

तोवर करण्यासारखे पुष्कळ आहे. चारही कोपरे मोकळे करावेत. मुख्य रस्त्यास मिळणाऱ्या गल्ल्यांच्या तोंडांशी ‘थांबा’ची पाटी व तिच्यापुढे पांढरी थांबरेषा द्यावी, मुख्य रस्त्यावर झेब्रा पट्टे आणि मापाचा गतिरोधक पुरे. पहिला महिनाभर सकाळ-संध्याकाळ एक शिपाई तेथे उभा राहावा. त्याने दंडाची पावती फाडण्याआधी नियम समजावून सांगावा. मोजणीअंती चारही बाजूंना पाट्या हव्यात असे निघाले, तर आमचे मत चुकले हे आम्ही ह्याच पानावर छापू. मात्र ही सारी कामे शाळा उघडण्यापूर्वी व्हावीत. जूनच्या पहिल्या सरींनंतर रस्त्यावर रंग धरत नाही.