साहेबाचा डबा

आमच्या काटोलच्या घरात एक साहेब राहतो. दिसत नाही, पण दर दिवाळीला गप्पांत हजर! इंग्रजांच्या काळात हा साहेब म्हणे दौऱ्यावर आला, पणजोबांच्या बागेतली संत्री खाऊन खूश झाला आणि जाताना स्वतःचा सिगारचा डबा त्यांना देऊन गेला. आजोबा ही स्टोरी इतकी रंगवून सांगायचे, की साहेबाच्या मिशासुद्धा मला तोंडपाठ आहेत.

आजोबा गेले आणि डबा माझ्या वाट्याला आला. चुलतभाऊ म्हणाला, 'बॉस, ब्रिटिश अँटिक आहे. ऑनलाइन टाक, मस्त पैसे येतील.' आयडिया वाईट नव्हती. पण विकायचा तर साल नको सांगायला? मग एका वीकेण्डला भिंग घेऊन बसलो.

सिगारचा डबा आधी नाकाने बघायचा. झाकण उघडलं की लाकडाचा गोडसर वास येतो. परदेशी डबे बहुधा स्पॅनिश सीडरचे. नाव सीडर, पण झाड महोगनीच्या कुळातलं. आपल्याकडचा तूनही त्याच कुळातला. त्यामुळे नुसत्या वासावरून देश ठरत नाही. डबा क्युबाचा असेल तर १९१२ पासूनची हिरवी सरकारी पट्टी शोधायची. १९८५ नंतरचा असेल तर तळाला कारखान्याचा सांकेतिक कोडही सापडतो.

माझ्या डब्यावर हिरवं काहीच नव्हतं. लेबलवर होतं त्रिचनापल्ली आणि खाली मद्रासचा पत्ता. हरकत नाही! त्रिचनापल्लीची सिगार इंग्रजांची लाडकी. १८८७ च्या पहिल्याच कादंबरीत शेरलॉक होम्स तिची राख ओळखतो. आपला 'चिरूट' हा शब्दही तमिळ 'सुरुट्टु'वरून आलेला. म्हणजे साहेब अजून शाबूत होता.

घोळ झाला तो किमतीच्या चिठ्ठीने. रुपयांच्या आकड्यापुढे लिहिलं होतं, '५० एन.पी.'. काका म्हणाले, 'एन.पी. म्हणजे नागपूर. साहेबाचं ऑफिस तिथेच तर होतं!' पण एन.पी. म्हणजे नये पैसे. १ एप्रिल १९५७ ला आणे गेले, नये पैसे आले आणि १ जून १९६४ ला त्यातला 'नया' गळून नुसता पैसा उरला. पत्त्यात पिनकोड नव्हता, तेही जुळलं. तो आला १५ ऑगस्ट १९७२ ला. थोडक्यात, डबा १९५७ ते ६४ मधला. साहेब तर १९४७ लाच गेले. मग डबा दिला कोणी?

आजी एकटीच हसली. काका बाहेर गेल्यावर म्हणाली, 'कायचा साहेब न् कायचं काय! चीनची लढाई चालू होती त्या साली. तुये आजोबा आंब्या बहाराचा माल घेऊन रेल्वेनं मद्रासले गेले होते. व्यापाऱ्यानं हातावर हा डबा ठेवला न् म्हणे, पैसे मागून पाठवतो. अजून पाठवूनच राहिला! माह्या पाटल्या गेल्या त्या वर्षी.'

'मग साहेब?'

'पोरं मोठी झाली, डबा कुठला म्हणून विचारू लागली. बापानं फसून आणला, असं सांगावं का? मंग आणला साहेब.'

चीनचं युद्ध १९६२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधलं. आंब्या बहाराची संत्रीही त्याच सुमारास निघतात. मी भिंगाने सात वर्षांपर्यंत आलो होतो. आजीने एका वाक्यात महिना सांगितला.

तुमच्याकडे असा डबा असेल, तर दोन गोष्टी. तेल-पॉलिश अजिबात नको, कोरडं मऊ फडकं पुरे. आणि फाटकं लेबल, किमतीची चिठ्ठी खरवडू नका. सगळा पुरावा त्या कागदातच असतो. आणखी एक, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला आधी विचारा. मी शेवटी विचारलं.

डबा विकला नाही. 'ब्रिटिशकालीन' म्हणून खोटं विकवेना आणि १९६२ चा म्हणून विकायचा, तर त्यात आजीच्या पाटल्या आहेत. मागच्या दिवाळीत पुतण्याने विचारलं, 'हा डबा कोणाचा?' काका समोरच बसले होते. आजीने माझ्याकडे बघितलं.

मी साहेबाच्या मिशांपासून सुरुवात केली.