भोपळ्याच्या वाटीतला हिशेब

१ जानेवारीच्या सकाळी हैतीत घरोघरी ‘सूप जुमू’ रटरटत असते. लिंबाने चोळून धुतलेले, रात्रभर मसाल्यात मुरवलेले गोमांस, कोबी, गाजर, बटाटे, मॅकरोनी; आणि हे सारे शिजते ते घोटलेल्या केशरी भोपळ्यात. वर एक अख्खी मिरची सोडतात. ती फुटू द्यायची नाही, नुसता तिचा वास उतरवायचा. मग पातेल्यातले सूप शेजारीपाजारी जाते, शेजारचे आपल्याकडे येते.

हा हैतीचा स्वातंत्र्यदिन. १८०४ साली याच तारखेला गोनाईव्ह शहरात ज्यां-जाक देसालीन यांनी फ्रान्सचे जोखड झुगारल्याचे जाहीर केले. दीड महिन्यापूर्वीच व्हर्तिएरच्या लढाईत नेपोलियनच्या फौजेचा पाडाव झाला होता. गुलामांनी बंड करून स्वतःचे राष्ट्र उभारले, असे इतिहासात दुसरे उदाहरण नाही. तिथली जुनी माणसे सांगतात, हे सूप गुलामांनी मालकांसाठी रांधायचे, पण चाखायचे नाही, असा दंडक होता. म्हणून मुक्त झाल्यावर सगळ्यांनी ते पोटभर खाल्ले. २०२१ साली युनेस्कोने या सुपाला मानवजातीच्या वारशात स्थान दिले.

पण सन्मानाने देणे फिटत नाही. १८२५ साली फ्रान्सचा राजा दहावा चार्ल्स याने युद्धनौका पाठवल्या आणि मान्यतेच्या बदल्यात १५ कोटी फ्रँक मागितले. कशाची भरपाई? मळेवाल्यांच्या बुडालेल्या मालमत्तेची, आणि त्या मालमत्तेत माणसेही धरलेली होती! ज्यांना विकले-विकत घेतले, त्यांनीच स्वतःची किंमत मोजायची. पहिला हप्ता भरायलाही पॅरिसच्याच सावकारांकडून कर्ज काढावे लागले. १८३८ मध्ये रक्कम ९ कोटींवर आली, तरी त्या देण्यापायी झालेली कर्जे फिटायला १९४७ साल उजाडले. शाळा, रस्ते, दवाखाने यांचा पैसा पिढ्यान्‌पिढ्या समुद्रापार गेला. हैतीच्या आजच्या दैन्याबद्दल बोलताना तिथल्या राज्यकर्त्यांना बोल लावणारे हे पान उलटून पाहत नाहीत, याची चीड येते.

२००३ साली हैतीने हे पैसे परत मागितले. फ्रान्सने दिले नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये, दहाव्या चार्ल्सच्या त्या फर्मानाला दोनशे वर्षे झाली तेव्हा, राष्ट्राध्यक्ष माक्रों यांनी इतिहासकारांची संयुक्त समिती जाहीर केली. परतफेडीचा शब्द मात्र दिला नाही. रक्कम ठाऊक आहे, कोणी घेतली तेही ठाऊक आहे. फ्रान्सने ती हैतीला परत करावी.