टोपली, चेंडू आणि मज्जाव
१८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ नामक शिक्षकाने फळांच्या टोपल्या व्यायामशाळेच्या कठड्यास ठोकून ज्या बास्केटबॉल क्रीडेस जन्म दिला, तिच्यातील स्त्रियांचा पहिला आंतरविद्यापीठीय सामना ४ एप्रिल १८९६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत होऊन स्टॅनफर्डच्या कन्यांनी बर्कलीच्या कन्यांना २-१ असे नमविले, तेव्हा प्रेक्षागारात पुरुषांस सक्त मज्जाव होता; आणि विपर्यास असा की, पुढे तीनच वर्षांत स्टॅनफर्डच्या विद्वज्जनांनी अशा सामन्यांचा मज्जाव खुद्द मुलींनाच केला. त्या काळी आमचा बीड जिल्हा निजामाच्या अमलाखाली होता, अंबाजोगाईचे दप्तरी नाव मोमिनाबाद होते, आणि येथील महाविद्यालयांना पुढे ज्याची छाया लाभली, त्या मराठवाडा विद्यापीठाच्या औरंगाबादेतील स्थापनेस, म्हणजे २३ ऑगस्ट १९५८ या दिवसास, अद्याप बासष्ट वर्षांचा अवकाश होता. शिवाय बास्केटबॉलला पक्की सपाट जमीन आणि दहा फूट उंचीवर कडी हवी. खो-खोला मऊ माती आणि दोन खांब पुरतात, तेव्हा आमच्या कोरडवाहू मुलखातील मुलींनी कशास जवळ केले असेल, हे सांगावयास ज्योतिषी नको. स्टॅनफर्डच्या त्या सामन्यात प्रत्येक बाजूस नऊजणी होत्या. आमच्या पारंपरिक खो-खोतही पाठलाग करणाऱ्या संघाच्या मैदानावर नऊच. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस पहिल्या खो-खो विश्वचषकात नेपाळवर ७८-४० असा विजय मिळविणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे मूळची बीड जिल्ह्याचीच.